मूरक्रॉफ्ट : सही एकाची, हात अनेकींचे

पोस्ट मोठी आहे. निवांत असाल तेव्हा वाचा.

2025 सालच्या 30 एप्रिलला इंग्लंडमधल्या स्टोक-ऑन-ट्रेंट शहरातला एक कारखाना बंद पडला. 57 जणांचं काम गेलं. आपल्याकडे ही बातमी छापून यायचं काही कारणच नव्हतं. 57 हा आकडा तरी केवढा? आमच्या इथल्या एमआयडीसीत एका शेडला कुलूप लागलं तरी याहून जास्त माणसं घरी बसतात आणि आम्ही ती बातमी आतल्या पानावर दोन परिच्छेदांत उरकतो. मीही उरकलेली आहे, खोटं कशाला बोलू.

कारखान्याचं नाव मूरक्रॉफ्ट. फुलदाण्या, वाडगे, दिव्यांच्या बैठका, ताटल्या. सगळं मातीचं आणि सगळ्यावरची नक्षी हाताने काढलेली. 112 वर्षांचा कारखाना. आणि गंमत म्हणजे दीडेक महिन्यात मूळ मालकाच्या नातवाने तो विकत घेतला आणि परत सुरू केला. तिकडच्या पेपरांनी मथळे केले, आजोबांचा वारसा नातवाने वाचवला वगैरे. मथळा छान आहे. मीही तोच दिला असता. पण मागे जाऊन वाचत गेलो तेव्हा वाटलं, अर्धीच गोष्ट आहे ही.

आधी गाव सांगतो. स्टोक-ऑन-ट्रेंट हे खरं तर सहा गावांचं मिळून झालेलं शहर. टनस्टॉल, बर्स्लेम, हॅन्ली, स्टोक, फेंटन आणि लाँगटन. 1910 मध्ये ही एकत्र झाली. या सगळ्या पट्ट्याला तिकडे नुसतं 'पॉटरीज' म्हणतात, म्हणजे भांड्यांचा मुलूख. खाली कोळसा, वर माती. पूर्वीपासून कुंभारकाम होतंच. 1730 मध्ये बर्स्लेमला जोसाया वेजवुड जन्मला, त्याने या धंद्याचा उद्योग केला. 1777 मध्ये ट्रेंट अँड मर्सी कालवा पुरा झाला आणि मग कॉर्नवॉल, डेव्हनकडची पांढरी माती बोटीने यायला लागली, तयार भांडी बोटीने बंदरावर जायला लागली. खडबडीत रस्त्याने घोड्यागाडीवर भांडी नेली तर निम्मी वाटेतच फुटायची, त्यामुळे कालव्यासाठी सगळ्यात जास्त धडपड वेजवुडनेच केली होती.

बाटलीच्या आकाराच्या विटांच्या भट्ट्या ही या गावांची ओळख. भरभराटीच्या काळात अशा दोन हजारांवर भट्ट्या होत्या. आता पन्नासही नाहीत, आणि ज्या आहेत त्या बघण्यापुरत्या. 1956 च्या स्वच्छ हवेच्या कायद्याने कोळशाच्या भट्ट्या गेल्या, गॅस आणि वीज आली. हा गॅस लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. (जुन्या आठवणींवाले त्या भट्ट्यांबद्दल हळवे होतात. पण त्या धुराने आणि मातीच्या बारीक धुळीने किती फुफ्फुसं खाल्ली याचा हिशेब वेगळा आहे. तिकडे त्या आजाराला कुंभाराचा आजार म्हणूनच नाव पडलं होतं. शिवाय झिलईतलं शिसं पोटात जायचं ते निराळंच.)

याच बर्स्लेममध्ये 1872 साली विल्यम मूरक्रॉफ्ट जन्मला. (आपल्या इतिहासात एक विल्यम मूरक्रॉफ्ट येतो, ईस्ट इंडिया कंपनीचा घोड्यांचा डॉक्टर, लडाखमार्गे बुखाऱ्यापर्यंत गेलेला. तो वेगळा, पन्नासेक वर्षं आधीचा.) वडील भांड्यांवर चित्रं काढणारे कारागीर. पोरगा बर्स्लेमच्याच वेजवुड इन्स्टिट्यूटमध्ये शिकला, मग लंडनला. ही वेजवुड इन्स्टिट्यूट कामगारांच्या पोरांना कला आणि विज्ञान शिकता यावं म्हणून 1869 मध्ये उघडलेली संस्था. इमारत अजून उभी आहे, मातीच्या शिल्पांनी मढलेली, बरीच वर्षं रिकामी पडून असलेली.

1897 मध्ये विल्यमला जेम्स मॅकिंटायर कंपनीत डिझायनर म्हणून काम मिळालं. लगेचच त्याने 'फ्लोरियन वेअर' नावाची भांडी काढली आणि ती गाजली. 1904 च्या सेंट लुइसच्या जागतिक प्रदर्शनात सुवर्णपदक मिळालं.

आता हे काम कसं चालतं ते नीट सांगतो, कारण सगळी मेख तिथेच आहे.

मेंदीचा कोन डोळ्यासमोर आणा. तसंच. फक्त मेंदीच्या जागी पाण्यात कालवलेली माती, दह्याएवढी घट्ट. बारीक तोंडाच्या नळीला रबरी फुगा किंवा पिशवी लावलेली असते, ती हातात दाबत दाबत कच्च्या भांड्यावर मातीची उठावाची रेघ ओढायची. पान, पाकळी, देठ, शीर. याला ट्यूबलायनिंग म्हणतात. मूळ चित्र आधी भांड्यावर छाप घेऊन हलकंसं उतरवलेलं असतं, पण रेघ ओढायची ती गोल, फुगीर, कलत्या अंगावर. दाब कमी झाला तर रेघ तुटते, जास्त झाला तर गोळा होतो. मेंदीत चुकलं तर बोटाने पुसता येतं. इथे ओली माती ओल्या मातीवर बसलेली असते.

मग त्या रेघांच्या आत रंग भरायचा. रेघ म्हणजे बांध, आणि रंग म्हणजे त्या वाफ्यात सोडलेलं पाणी. पण रंग म्हणजे धातूंची ऑक्साइडं. कोबाल्टचा निळा, तांब्याचा हिरवा. भरताना मळकट, फिके दिसतात. खरा रंग भट्टीतून आल्यावरच कळतो. म्हणजे रंगवणारीने डोळ्याला दिसतं त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही, सवयीवर ठेवायचा. एकाच पाकळीत गडद ते फिकट असा उतार आणायचा तर एकावर एक किती हात द्यायचे हे सवयीनेच येतं. मग पहिली भाजणी, मग झिलई, मग दुसरी भाजणी. या सगळ्यात एखाद्या भांड्याला तडा गेला की तितक्या दिवसांचं काम गेलं.

'रंगवणारी' असं मी मुद्दाम म्हणतोय. हे काम करणाऱ्या बहुतेक बायकाच. पॉटरीजमध्ये रंगकामावर पिढ्यान्‌पिढ्या मुली लागत. तेरा-चौदा वर्षांची पोर उमेदवार म्हणून लागायची. त्यातल्या एखादीच्या नशिबात नाव असायचं. टनस्टॉलची क्लॅरिस क्लिफ अशीच 13 व्या वर्षी कारखान्यात लागली आणि 1927 नंतर तिच्या भडक रंगांच्या भांड्यांनी बाजार हलवला. पण क्लॅरिस क्लिफ एखादीच. बाकीच्या हजारो जणींनी आयुष्यभर पानं काढली आणि घरी गेल्या.

मॅकिंटायरमध्ये विल्यम सगळी चित्रं स्वतः काढायचा, आकार ठरवायचा, भट्टीवर उभा राहायचा. भांड्यावर रेघा ओढणाऱ्या आणि रंगवणाऱ्या मुली होत्या. आणि तळाशी सही विल्यमची. कारखाना मॅकिंटायरचा, हात मुलींचे, सही डिझायनरची. मालकांना ते खुपायला लागलं. भांड्यापेक्षा सही मोठी होत चालली होती. 1912 मध्ये त्यांनी त्याचा विभागच बंद करायचं ठरवलं.

आम्हा पत्रकारांना हे चटकन समजतं. बायलाइनवरून झालेली भांडणं मी वीस वर्षं बघतोय. बातमी आणणारा गावातला वार्ताहर, मजकूर लिहिणारा डेस्कवाला आणि नाव तिसऱ्याचंच. विल्यमची बाजू खरी होती, कल्पना त्याची होती. मालकांचीही चूक नव्हती, पैसा त्यांचा होता. ज्यांनी रेघ ओढली होती त्या मुलींना यात कुणी विचारल्याची नोंद माझ्या तरी वाचनात नाही.

1913 मध्ये विल्यमने कॉब्रिजला स्वतःचा कारखाना काढला आणि आपल्या मुलींपैकी बऱ्याच जणींना बरोबर नेलं. पैसा दिला लंडनच्या लिबर्टी या दुकानाने. इथे आपला एक धागा येतो. आर्थर लिबर्टीने 1875 मध्ये रीजंट स्ट्रीटवर दुकान काढलं तेव्हा त्याचं नावच 'ईस्ट इंडिया हाऊस' ठेवलं होतं. पूर्वेचं रेशीम, गालिचे विकायचा. 1885 च्या हिवाळ्यात त्याने हिंदुस्थानातून चाळीसेक कारागीर आणि कलावंत नेऊन लंडनच्या बॅटर्सीत 'हिंदी खेडं' मांडलं. लोकांनी तिकीट काढून यायचं आणि माणसं काम करताना बघायची. लंडनची थंडी, अपुरी सोय. माणसं हाल काढत राहिली आणि तो प्रयोग तोट्यात गेला. हाताच्या कामाचं या माणसाला कौतुक होतं, ते खोटं नव्हतं. पण कौतुक वस्तूचं आणि हाल माणसाचे, हेही त्याच्याच खात्यावर आहे. पुढे मूरक्रॉफ्टच्या भांड्यांना लिबर्टीनेच गिऱ्हाईक मिळवून दिलं.

कॉब्रिजचा कारखाना चांगला चालला. विल्यमचं डाळिंबांचं चित्र फार लोकप्रिय झालं. गडद निळ्या पार्श्वभूमीवर फुटलेली लालभडक डाळिंबं, आतले दाणे दिसतायत. आपल्या सांगोल्या-आटपाडीच्या माणसाला तर बघताक्षणी ओळखीचं वाटेल. अळंबी, खसखशीची फुलं, चांदण्यातली झाडं. 1928 मध्ये राणी मेरीकडून राजघराण्याचा कुंभार म्हणून सनद मिळाली. पण घर चालत होतं ते बहुतेक साध्या निळ्या चहाच्या भांड्यांवर. त्यांच्यावर नक्षी नव्हतीच.

मग दुसरं महायुद्ध. 1942 मध्ये ब्रिटिश सरकारने हुकूम काढला की देशातल्या गिऱ्हाइकासाठी नक्षीची भांडी बनवायची नाहीत, साधी पांढरी बनवा. नक्षीदार माल फक्त निर्यातीला, कारण परकी चलन हवं. हे बंधन 1952 पर्यंत राहिलं, लढाई संपून सात वर्षं झाली तरी. बऱ्याच कारखान्यांत रंगवणाऱ्या मुली दुसऱ्या कामाला गेल्या आणि त्यातल्या कित्येक परत आल्या नाहीत. सरकारचा एक कागद फुलदाणीवरच्या पानापर्यंत कसा पोचतो ते यात दिसतं. तेव्हा तो कागद बंदी घालणारा होता, पण पोचला होता.

1945 मध्ये विल्यम गेला. थोरला मुलगा वॉल्टरने कारखाना हातात घेतला आणि चाळीस वर्षं चालवला. त्याच्या काळातली जास्वंदीची भांडी प्रसिद्ध आहेत. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला कुटुंबाने लिबर्टीचा हिस्सा विकत घेऊन कारखाना पूर्ण आपला केला. आणि तरी पुढच्या वीस वर्षांत तो हातातून गेला. खर्च वाढत होता, हाताच्या कामाचा वेग वाढत नव्हता. 1984 मध्ये मोठा हिस्सा चर्चिल पॉटरीवाल्या रोपर बंधूंकडे गेला. ते हॉटेलांना लागणारी क्रोकरी बनवणारे, मोठ्या संख्येने माल काढणारे. त्यांनी इथलंही काम जलद करायचा प्रयत्न केला. नाही जमलं. नळीतून रेघ जेवढ्या वेगाने येते तेवढ्याच वेगाने येते. दोन वर्षांत त्यांनी काढून टाकला.

1986 मध्ये तो घेतला लंडनचा एक वकील ह्यू एडवर्ड्स आणि जुन्या भांड्यांचा जाणकार रिचर्ड डेनिस यांनी, आपापल्या बायकांसह. एडवर्ड्स हा मूरक्रॉफ्टची भांडी जमवणारा शौकीन. डेनिसची बायको सॅली टफिन डिझायनर, तिने नवी चित्रं दिली. 1993 मध्ये रेचेल बिशप नावाची ऐन विशीतली मुलगी डिझायनर म्हणून आली, एवढ्या वर्षांत त्या खुर्चीवर बसलेली फक्त चौथी व्यक्ती. मग डिझायनरांचा गटच उभा राहिला आणि कारखाना पुन्हा सावरला.

म्हणजे बघा, 'कौटुंबिक धंदा' म्हणून ज्याचे मथळे झाले तो शेवटची चाळीस वर्षं त्या कुटुंबाचा नव्हता. परक्यांनी जगवला. वारसदाराने हात टेकले आणि गिऱ्हाइकाने दुकान चालवायला घेतलं असं उदाहरण क्वचितच सापडतं. या सगळ्या काळात मालक चार वेळा बदलले असतील, पण रेघ ओढणारी शेजारी बसलेल्या नव्या मुलीला शिकवत राहिली. त्यात कुठे खंड पडला नाही. मला विचाराल तर कारखाना म्हणजे ती साखळी. मालकीचे कागद नंतर.

आता 2025 वर येतो.

मूरक्रॉफ्टला गिऱ्हाईक नव्हतं असं नाही. मागणी कमी झाली होती हे खरं, जमवणारे शौकीन म्हातारे होत चाललेत हेही खरं. पण मोडलं ते मुख्यतः इंधनाच्या बिलाने. युक्रेनच्या लढाईनंतर युरोपात गॅस भडकला. सिरॅमिक्सच्या कारखान्याला भट्टी कमी आचेवर चालवून काटकसर करता येत नाही. भांडं हजार-अकराशे अंशाला भाजायचं तर भाजायचंच. ब्रिटन सरकारने जास्त ऊर्जा खाणाऱ्या उद्योगांसाठी 2024 पासून एक सवलत योजना आणली, पण ती विजेच्या बिलावर. पोलादवाल्यांना फायदा झाला. भांडीवाल्यांचा बहुतेक खर्च गॅसचा, त्यामुळे त्यातले बहुसंख्य यादीच्या बाहेर राहिले. कुणी मुद्दाम वगळलं असं नाही. अर्जातला रकानाच त्यांच्यासाठी नव्हता. सरकारी योजनांच्या बातम्या करणाऱ्या कुणालाही हा प्रकार नवा नाही.

मूरक्रॉफ्ट एकटा नव्हता. डडसन हा 1800 साली सुरू झालेला, त्याच कुटुंबाने चालवलेला कारखाना 2019 मध्ये बंद झाला. 2025 च्या फेब्रुवारीत रॉयल स्टॅफर्ड गेला. खुद्द वेजवुड आता फिनलंडच्या कंपनीच्या मालकीचं आहे. आणि आपल्या न्हाणीघराच्या भिंतीवर 'जॉन्सन' नाव वाचलंय ना? एच अँड आर जॉन्सन मूळची स्टोकचीच. तिची भारतातली कंपनी 1958 पासूनची, आणि ती इथे आजही फरशा बनवते. स्टोकमधल्या जॉन्सनने मात्र 2024 मध्ये तिथलं उत्पादन थांबवायचं जाहीर केलं. नाव राहिलं, फरशी दुसरीकडून येणार.

यावर कुणी म्हणेल, मग बिघडलं काय? फुलदाणी ही काही जीवनावश्यक वस्तू नाही. परवडत नसेल तर बंद. कारखाना आहे, देऊळ नाही. हा युक्तिवाद मी मोडीत काढणार नाही, कारण आपल्याकडे साखर कारखान्यांना नुसतं भावनेवर जगवून काय झालंय ते आपण सगळेच बघतो. पण एक फरक आहे. फरशीचा कारखाना बंद झाला आणि दहा वर्षांनी गॅस स्वस्त झाला तर यंत्रं आणून पुन्हा उभा करता येतो. ट्यूबलायनिंग येणाऱ्या बायका दहा वर्षांनी कुठून आणणार? हे काम पुस्तकात नाही. शेजारी बसून, दाब किती ते बोटाला कळेपर्यंत, काही वर्षं घालवून येतं. 57 जणांपैकी कुणी सुपरमार्केटच्या काउंटरवर गेली, कुणी म्हातारपणामुळे घरी बसली, की ते दुकान नुसतं भांडवल टाकून उघडत नाही. त्यामुळे 57 हा आकडा लहान असणं हीच खरी काळजीची गोष्ट होती. पाच हजार असते तर शंभर गळाले तरी चाललं असतं.

जूनमध्ये विल मूरक्रॉफ्ट, विल्यमचा नातू, पुढे आला. नाव, साचे, चित्रं, जागा सगळं घेतलं आणि जुन्या कामगारांपैकी काहींना परत बोलावलं. त्याचं कौतुक आहेच, घरचा माणूस आडनावासाठी खिशातून पैसे घालतो ही साधी गोष्ट नाही. पण तो आला ते वेळेत आला हे जास्त महत्त्वाचं. दीडेक महिना म्हणजे हात अजून विखुरले नव्हते, फोन केला तर लागत होता. दोन वर्षांनी आला असता तर नावाची पाटी आणि साच्यांच्या फळ्या मिळाल्या असत्या.

मूरक्रॉफ्टचं भांडं उलटं केलं की तळाशी कारखान्याचा ठसा असतो आणि डिझायनरची खूण. त्याच्या बाजूला आणखी बारीकशा खुणा असतात. एक रेघ ओढणारीची, एक रंग भरणारीची. मॅकिंटायरच्या काळात ज्यांना कुणी विचारलं नव्हतं त्यांची एवढी तरी नोंद आता होते. जमवणाऱ्यांकडे म्हणे या खुणांच्या याद्या असतात, कुठली खूण कुणाची ते बघायला.

नातवाची भट्टी त्याच गॅसवर चालणार आहे. ब्रिटन सरकारने 2027 पासून उद्योगांसाठी आणखी एक योजना जाहीर केली आहे, तीही विजेच्या बिलावरच. स्टोकचे खासदार आणि जीएमबी युनियन गॅसचं काय, हे संसदेत आणि बाहेर विचारत आहेत. पुढे काय होतंय त्यावर लक्ष ठेवून आहे, काही कळलं तर इथेच लिहीन.